निशिगंध, मोगरा आणि एकच फवारा: फुलांचं दमदार परफ्यूम पहिल्यांदा लावताना

फुलांचं दमदार परफ्यूम आपल्याला मानवतं की नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत कळत नाही. बहुतेकांचा निकाल मात्र त्याच दहा मिनिटांत लागतो. एक तर "अहाहा" म्हणून बाटली घेतली जाते, नाहीतर "डोकं उठलं" म्हणून वास बघायची कागदी पट्टी कचऱ्यात जाते. निश परफ्यूम, म्हणजे स्वतंत्र घराण्यांनी मोजक्या दुकानांसाठी काढलेली परफ्यूम, बऱ्याचदा मुद्दाम ठसठशीत बांधलेली असतात. ५० मिलीची बाटली सहज पंधरा-वीस हजारांच्या घरात जाते. म्हणून आधी नीट चाचणी करावी. तिला दोन आठवडे पुरतात, आणि ती सुरू होते फुलबाजारात.

आधी फूल

संध्याकाळी नाशिकच्या सराफ बाजाराकडच्या फुलवाल्यांकडून किंवा पंचवटीत देवळाबाहेरून निशिगंधाच्या दोन दांड्या आणि मोगऱ्याचा एक गजरा आणा. गजरा उमललेल्या फुलांचा नको, मिटलेल्या कळ्यांचा घ्या. दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा आणि तीनदा हुंगा: आणल्याबरोबर, रात्री दहाच्या सुमारास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी.

निशिगंध तोडल्यावरही वास तयार करत राहतो, आणि रात्री तो जोर धरतो. दहा वाजता नाक फुलाजवळ नेलंत तर तीन गोष्टी वेगळ्या काढता येतात. लोण्या-सायीसारखा, किंचित खोबऱ्याकडे झुकणारा गोडवा. देठाचा हिरवा, कच्चा वास. आणि या दोन्हींच्या मागे दुखऱ्या गुडघ्याला चोळतात त्या मलमासारखी एक थंड धार. ही धार कल्पनेतली नाही. वेदनाशामक मलमात असणारं मिथाइल सॅलिसिलेट निशिगंधातही असतं. हे एकदा फुलात ओळखलंत की परफ्यूमच्या पहिल्या फवाऱ्यात तेच आल्यावर "माल खराब निघाला" असं वाटणार नाही.

मोगऱ्याचा धडा सकाळचा आहे. रात्री पांढराशुभ्र असलेला गजरा तपकिरी पडायला लागतो आणि गोडव्याखालून जडसर, थोडा डांबरगोळीकडे झुकणारा वास वर येतो. जाई-मोगऱ्याच्या कुळातल्या फुलांत इंडोल नावाचं द्रव्य असतं. एकटं आणि घट्ट घेतलं तर ते नकोसं वाटतं, पण चिमूटभर असलं की फुलाला जिवंतपणा येतो. इंडोल काढून टाकलेला मोगरा खोली-फ्रेशनरसारखा सपाट होतो. धीट परफ्यूममध्ये ते मुद्दाम ठेवलेलं असतं, आणि "शिळ्या फुलांचा वास येतोय" ही तक्रार बहुतेक वेळा त्याचीच असते.

गुलाबाच्या बाबतीत एक सावधगिरी. मुघल काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, आणि आजही दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीकडे पॉलिहाऊसमध्ये गुलाब होतो. पण तो डच गुलाब लांब दांडी आणि टिकाऊपणासाठी घडवलेला आहे, त्याला वास जेमतेम. नाकाला ओळख करून द्यायची तर गुलकंदाला वापरतात तो गावठी गुलाबच शोधा. रस्त्यावरच्या स्वस्त अत्तराला प्रमाण मानू नका. एक किलो गुलाबाच्या तेलाला साधारण ३ ते ५ हजार किलो फुलं लागतात, तेव्हा शंभर रुपयांच्या कुपीत काय असेल याचा हिशेब सोपा आहे.

वेष्टणावरची नावं

परफ्यूमच्या वर्णनात "ट्युबरोज" दिसलं की ते निशिगंध समजा. त्याचा गुलाबाशी काही संबंध नाही, ते नाव कंदावरून पडलं आहे. "जॅस्मिन साम्बॅक" म्हणजे मोगरा, "जॅस्मिन ग्रँडिफ्लोरम" म्हणजे जाई किंवा चमेली, "ऑरिक्युलाटम" म्हणजे जुई. "चंपाका" म्हणजे सोनचाफा. "ऑरेंज ब्लॉसम" ही कडू संत्र्याच्या झाडाची फुलं. "लिली ऑफ द व्हॅली" लिहिलेलं असेल तर तो वास फुलातून काढलेला नसतो. त्या फुलाचं व्यापारी वापराजोगं तेल निघतच नाही, म्हणून परफ्यूमर तो इतर द्रव्यांतून बांधतो.

निशिगंधापासून सुरुवात करायची असेल तर तीन नमुने शेजारी ठेवण्यासारखे आहेत, कारण एकाच फुलाचे ते तीन स्वभाव आहेत. रॉबेर पिगेचं फ्राका (१९४८, परफ्यूमर जर्मेन सेलिए) हा लोण्यासारखा, भरगच्च निशिगंध. सर्ज ल्युतेन्सचं त्युबेरोज क्रिमिनेल (१९९९, ख्रिस्तोफर शेल्ड्रेक) मलमाची ती थंड धार पुढे करून उघडतं आणि नंतर निवतं. फ्रेदेरिक मालचं कार्नल फ्लॉवर (२००५, दोमिनिक रोपियों) देठासकट तोडलेल्या फुलासारखं हिरवं आहे. गुलाब हवा असेल तर रोपियों यांचंच पोर्ट्रेट ऑफ अ लेडी (२०१०) बघा. त्यात गुलाबाखाली पॅचुली या सुवासिक पानांचा मातकट, घट्ट पाया आहे. पहिलंच परफ्यूम म्हणून त्युबेरोज क्रिमिनेल सुचवणार नाही. सलामीलाच माणूस बिचकतो आणि पुढचा सुंदर भाग कधी भेटतच नाही.

आणि हो, "फुलांचं म्हणजे बायकी" हा समज बाजूला ठेवा. कानात मोगऱ्याचा नाहीतर हिन्याचा फाया खोचून बाहेर पडणारे पुरुष आपल्याकडे कालपरवापर्यंत होते.

नमुना किती आणि कसा

पूर्ण बाटली नको. मूळ बाटलीतून काढून दिलेली २ मिलीची स्प्रे-कुपी मागवा. तिच्यातून वीस ते तीस फवारे निघतात, म्हणजे चाचणीला भरपूर. बोटाने टिपायची कुपी शक्यतो टाळा. टिपलेलं परफ्यूम त्वचेवर एकाच ठिकाणी साचतं आणि सुरुवातीचे हलके वास नीट उघडत नाहीत. अल्कोहोल असल्यामुळे पार्सल बरेचदा विमानाऐवजी रस्त्याने येतं. एप्रिल-मेमध्ये ते तापलेल्या गाडीतून फिरलेलं असतं. आल्याबरोबर उघडू नका, एक दिवस कपाटात थंड होऊ द्या.

एका वेळी कागदी पट्टीवर तीन आणि त्वचेवर दोन, यापेक्षा जास्त वास हाताळू नयेत. हे दोन वेगवेगळ्या हातांवर. कॉफीच्या बिया हुंगून नाक ताजं होतं अशी दुकानांतली समजूत आहे, पण साध्या हवेपेक्षा त्या सरस ठरलेल्या नाहीत. बाहेर जाऊन दोन मिनिटं मोकळा श्वास घ्या किंवा स्वतःच्या धुतलेल्या सदऱ्याची बाही हुंगा.

पहिला दिवस

सुट्टीच्या दिवशी, सकाळी बिनवासाच्या साबणाने अंघोळ करून सुरुवात करा. चंदनाचा साबण, सुवासिक तेल, टाल्कम पावडर त्या दिवशी नको. घरात उदबत्ती-धूप लावलेला नसावा, आणि फोडणीची वेळ टाळावी. सर्दी असेल तर चाचणी पुढे ढकला.

पण या दिवसाच्या दोन दिवस आधी त्वचेची परीक्षा. कोपराच्या आतल्या बाजूला अगदी थोडं लावा आणि २४ ते ४८ तास बघा. लाली, खाज किंवा पुरळ आलं तर तिथेच थांबा. फुलांच्या परफ्यूममध्ये लिनॅलूल, जिरॅनिऑल यांसारखी द्रव्यं स्वाभाविकच जास्त असतात आणि काही जणांना ती सोसत नाहीत. नुकतीच दाढी किंवा वॅक्सिंग केलेल्या जागी लावू नये. घरात कुणाला दमा असेल तर त्यांच्यासमोर फवारू नका. समई किंवा गॅस पेटलेला असताना जवळपास फवारणं धोक्याचं आहे, कारण यातला मोठा भाग अल्कोहोल असतो.

मग खरी चाचणी: कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागावर, १० ते १५ सेंटिमीटरवरून, एकच फवारा. मनगट नको, ते हात धुताना धुतलं जातं. मानही नको, तो वास सतत नाकाशी राहतो आणि नाक लवकर थकतं. चोळू नका. चोळल्याने काही "मोडत" नाही, पण उष्णतेने आणि पसरल्याने पहिला हलका भाग झटपट उडतो, आणि तुम्हाला तर तोच बघायचा आहे. अर्धा मिनिट थांबा, अल्कोहोल जाऊ द्या, मग हुंगा.

नोंद करायच्या वेळा अशा: १० मिनिटं, ४० मिनिटं, ३ तास, ६ तास, दुसरी सकाळ. वहीत कंपनीने दिलेले शब्द उतरवू नका, आपले लिहा: "ओला देठ", "साय", "मलम", "आजीचं कपाट", "लग्नाचा हॉल". पहिल्या दहा मिनिटांना गुण देऊ नका. मलमाची धार, अल्कोहोल, हिरवा तिखटपणा हे सगळं तिथेच असतं. खरं परफ्यूम ४० मिनिटांनंतरचं, आणि तुम्ही दिवसभर सोबत बाळगणार ते तीन तासांनंतरचं. कागदावर सुंदर आणि त्वचेवर आंबूस, किंवा याच्या उलट, असं घडणं नेहमीचंच आहे. म्हणून पट्टी फक्त चाळणी म्हणून वापरावी.

सगळ्यात मोठी चूक

अर्ध्या तासात लावणाऱ्याला स्वतःचा वास येईनासा होतो. नाक सवयीच्या वासाकडे दुर्लक्ष करतं. शिवाय कस्तुरीच्या जातीचे काही कृत्रिम रेणू अनेकांना मुळातच जाणवत नाहीत. मग "उडून गेलं" असं समजून आणखी तीन फवारे मारले जातात, आणि घरातले खिडक्या उघडायला लागतात. स्वतःच्या नाकावर विसंबू नका. चार तासांनी आईला किंवा वहिनीला नेमकं विचारा: "मी खोलीत येण्याआधी वास आला, की जवळ बसल्यावर?" नुसतं "छान आहे का?" विचारलंत तर आपल्या माणसांकडून "छान आहे" एवढंच उत्तर मिळतं.

निशिगंध आणि सोनचाफ्याला दिवसा एक फवारा पुरतो, दोन हे लग्नाचं माप. बंद जागा वर्ज्य. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणाऱ्यांनी डब्यात शिरण्याआधी ताजा फवारा मारू नये, घरून निघण्याआधी तासभर मारावा. गंगापूर धरणाकडे वाइन चाखायला जात असाल तर अजिबात लावू नका. तुमच्या आणि शेजाऱ्याच्या, दोघांच्याही ग्लासातला वास त्याखाली दबेल.

जास्त झालंच तर नुसत्या पाण्याने काही होत नाही, कारण यातली बहुतेक द्रव्यं पाण्यात नीट विरघळत नाहीत. त्या जागी थोडं खाद्यतेल चोळा, एक मिनिट थांबा, कोरड्या फडक्याने पुसा आणि मग साबणाने धुवा. बराचसा भार उतरतो. डोकं चढलं असेल तर त्या दिवशी दुसरं काहीही हुंगू नका.

कपडे, दागिने, हवा

रेशमावर फवारा मारू नका. येवल्याची पैठणी असेल तर दुप्पट काळजी घ्या: फुलांचे अर्क बरेचदा पिवळट-तपकिरी असतात, डाग उमटतो आणि जरीचे धागे काळवंडू शकतात. आधी परफ्यूम, पंधरा मिनिटांनी पैठणी, शेवटी मोती. मोत्यांची चकाकी अल्कोहोलने मरते. सुती सदऱ्याच्या आतल्या बाजूला मारायला हरकत नाही, तिथे वास त्वचेपेक्षा जास्त टिकतो.

नाशिकची हवा चाचणीत ढवळाढवळ करते. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत त्वचा परफ्यूम पिऊन टाकल्यासारखी वाटते आणि फुलं बुजरी होतात. लावण्याआधी त्या जागी बिनवासाचं पेट्रोलियम जेली नखाएवढं चोळा, वास थोडा जास्त टिकू शकतो. खोबरेल नको, त्याचा स्वतःचा वास निशिगंधाच्या खोबरी सुरात मिसळतो आणि चाचणी फसते. मेच्या दुपारी हेच परफ्यूम अंगावर येतं, गोडवा चिकट वाटतो. उन्हाळ्यात संध्याकाळी सातनंतरच चाचणी घ्या. पावसाळ्याची दमट, बेताची हवा मात्र पांढऱ्या फुलांना फार मानवते.

बाटली घ्यायची वेळ

पाच वेगवेगळ्या दिवशी लावून झालं, आणि सहाव्या दिवशी न सांगता हात कुपीकडे गेला, तर पुढचं पाऊल टाका. तेही १० मिलीचं. त्यात साधारण शंभर फवारे असतात. आठवड्यातून दोनदा एकेक मारला तर वर्ष निघतं. नमुना संपायला आला तरी तळाशी चार-पाच फवारे राखून ठेवा. बाथरूममध्ये किंवा खिडकीत नव्हे, कपड्यांच्या कपाटात, खोक्यात, वर तारीख लिहून. थंडीत पसंत पडलेलं असेल तर हे फवारे मेच्या एका संध्याकाळी वापरा आणि वहीतली जुनी नोंद शेजारी उघडून ठेवा. दोन्ही पानं जुळली तर ५० मिलीची बाटली मागवायला हरकत नाही.