मोठी खरेदी रोखीने की कार्डाने? सोलापूरकरांनी या चुका टाळाव्यात

लग्नाचा बस्ता चाटी गल्लीत, दागिने सराफ बाजारात आणि फ्रीज, वॉशिंग मशीन नवी पेठेत, अशी सोलापुरातल्या घरांची मोठी खरेदी बहुधा ठरलेल्या ठिकाणीच होते. ती वर्षातल्या ठरावीक दिवसांत, म्हणजे लग्नसराईत, दसऱ्याला आणि दिवाळीच्या पाडव्याला एकवटते. वस्तू निवडण्यासाठी चार दुकाने पालथी घालणारे कुटुंब पैसे कसे द्यायचे याचा विचार मात्र बिलाच्या काउंटरवर उभे राहिल्यावर करते आणि पुढच्या बहुतेक अडचणींना तिथूनच सुरुवात होते. रोख चांगली की कार्ड, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. रक्कम मोठी असेल तेव्हा व्यवहाराचा पुरावा आपल्या हाती राहतो का आणि व्यवहार फिसकटला तर पैसे कोणत्या वाटेने परत येतील, या दोन गोष्टी पाहून मार्ग निवडावा आणि तो घरून निघण्यापूर्वी ठरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मर्यादा न तपासता कार्ड घेऊन जाणे

खात्यात तीन लाख रुपये आहेत म्हणून डेबिट कार्डाने तीन लाखांचे बिल भरता येईलच, असे नाही. प्रत्येक बँक कार्डाच्या प्रकारानुसार एका दिवसाची मर्यादा ठरवते आणि एटीएममधून पैसे काढण्याची मर्यादा दुकानातल्या स्वाइप मशीनवरच्या मर्यादेहून वेगळी असते. शिवाय १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ग्राहकाला आपल्या कार्डाची मर्यादा स्वतःच कमी-जास्त करता येते. घरातल्या मुलाने सुरक्षेसाठी वडिलांच्या कार्डाची मर्यादा वीस हजारांवर आणून ठेवलेली असते, त्याची आठवण कोणालाच राहत नाही आणि पाडव्याच्या संध्याकाळी, मागे रांग लागलेली असताना, मशीन व्यवहार नाकारते. खात्यात पैसे असूनही नकार आला तर सर्वांत आधी याच मर्यादेची शंका घ्यावी आणि बँकेच्या ॲपमध्ये ती तपासावी. चुकीचा पिन पुन्हा पुन्हा दाबून कार्ड बंद पाडून घेऊ नये.

रक्कम दोन लाख किंवा त्याहून अधिक असेल तर आरटीजीएस, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात मोठी रक्कम थेट पाठवण्याची सेवा, हा मार्ग अधिक सोयीचा असतो. ही सेवा १४ डिसेंबर २०२० पासून दिवसरात्र आणि सुटीच्या दिवशीही चालू असते, त्यामुळे पाडव्याला बँक बंद असण्याची अडचण नेट बँकिंग वापरणाऱ्याला राहिलेली नाही. मात्र नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवू न देण्याचे बंधन अनेक बँका घालतात, म्हणून दुकानाचा खाते क्रमांक आदल्या दिवशीच मागून घेऊन जोडून ठेवावा. एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करताना खातेदाराचे नाव आधी दिसण्याची सोय झाली आहे. दिसणारे नाव आणि बिलावरचे फर्मचे नाव जुळत नसेल तर तिथेच थांबून विचारावे. ‘पुतण्याच्या नंबरवर टाका, एकच आहे’ असे दुकानदार म्हणत असला, तरी उद्या वाद झाल्यास त्या फर्मला पैसे मिळाल्याचा पुरावा आपल्याकडे नसतो.

दोन लाखांची अट चुकवण्यासाठी रोख रकमेचे तुकडे करणे

सर्वाधिक गैरसमज याच नियमाबद्दल आहेत, म्हणून तो नीट समजून घेणे आवश्यक आहे. १ एप्रिल २०१७ पासून कोणत्याही व्यक्तीने दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास बंदी आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात ही तरतूद कलम २६९ एसटी म्हणून ओळखली जात असे. त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी ही बंदी कायम आहे. बंदी मोजण्याच्या कसोट्या तीन आहेत. एका व्यक्तीकडून एका दिवसात मिळालेली एकूण रक्कम ही पहिली, एका व्यवहारापोटी मिळालेली रक्कम ही दुसरी आणि एका व्यक्तीकडून एकाच प्रसंगाच्या निमित्ताने झालेल्या व्यवहारांची रक्कम ही तिसरी.

समजा, मुलीच्या लग्नासाठी तीन लाख वीस हजारांचे दागिने ठरले. एक लाख साठ हजार आज आणि तेवढेच उद्या रोख दिले तर दिवसाची कसोटी पार पडते, परंतु व्यवहार एकच असल्यामुळे दुसऱ्या कसोटीवर तो अडकतो. बस्त्याची बिले तीन वेगवेगळ्या तारखांना फाडली, तरी दुकान तेच, ग्राहक तोच आणि लग्नही तेच असल्यामुळे तिसरी कसोटी लागू होते. मंगल कार्यालय, मांडव आणि जेवणावळ एकाच ठेकेदाराकडे असतील तर तिथेही हीच गोष्ट. याच खरेदीत दीड लाख रोख आणि उरलेले एक लाख सत्तर हजार कार्डाने किंवा आरटीजीएसने दिले तर मात्र आक्षेपाचे कारण राहत नाही, कारण रोखीचा भाग दोन लाखांच्या आत राहतो. चेक द्यायचा असल्यास तो अकाउंट पेयी, म्हणजे फक्त घेणाऱ्याच्या खात्यात जमा होणारा, असावा. हाती असेल त्याला वटवता येणारा बेअरर चेक या नियमापुरता रोखीसारखाच धरला जातो. स्वतःच्या खात्यातून दोन लाखांपेक्षा अधिक रक्कम काढण्यावर या नियमाने बंदी येत नाही.

दंड पैसे घेणाऱ्याला होतो आणि तो स्वीकारलेल्या रकमेइतका असू शकतो. त्यामुळे ‘ती सराफाची काळजी, आपली नव्हे’ असे अनेकांना वाटते. परंतु तुम्ही स्वतःची जुनी मोटार किंवा ट्रॅक्टर विकता, तेव्हा पैसे घेणारे तुम्ही असता. अडीच लाखांना विकलेल्या गाडीचे सगळे पैसे रोख घेतले तर अडीच लाखांपर्यंतच्या दंडाची टांगती तलवार विकणाऱ्याच्या डोक्यावर राहते. कांद्याच्या पट्टीचे पैसे आडत्याकडून घेणाऱ्या शेतकऱ्यानेही रोख रक्कम दोन लाखांच्या आत ठेवून बाकीची खात्यावर मागावी.

जागेच्या व्यवहारात अट याहून कडक आहे आणि होटगी रोड, विजापूर रोड या भागांत प्लॉट घेऊ इच्छिणाऱ्यांनी ती विशेष ध्यानात ठेवावी. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात आगाऊ रक्कम किंवा अन्य हप्ता वीस हजार किंवा त्याहून अधिक असेल तर तो रोखीने स्वीकारता येत नाही आणि इथेही घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे. तरीही विसाराचे पन्नास हजार किंवा लाख रुपये रोख देऊन साध्या कागदावर सही घेण्याची पद्धत अजून चालू आहे. व्यवहार मोडला की विसार परत मिळवताना घेणाऱ्याचा चांगुलपणा एवढाच आधार उरतो. न्यायालयात जायचे म्हटले तरी रोख रकमेचा उल्लेख आता अडचणीचा ठरतो, कारण एखाद्या व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रक्कम रोख दिल्याचा दावा आला तर न्यायालयांनी तो आयकर विभागाला कळवावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिले आहेत. विसार चेकने किंवा खात्यावर द्यावा आणि चेकचा क्रमांक किंवा व्यवहार क्रमांक साठेखतात लिहून घ्यावा.

सवलतीच्या मोहाने पक्के बिल सोडणे

‘रोख देता का? मग जीएसटी लावत नाही’ हा प्रस्ताव ऐकायला गोड वाटतो. एसी किंवा मोठ्या टीव्हीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे, म्हणजे मूळ किंमत चाळीस हजार असेल तर कराचे ७,२०० रुपये होतात आणि तेवढे वाचल्याचा आनंद ग्राहकाला होतो. परंतु कच्च्या चिठ्ठीवर मशीनचा अनुक्रमांक नसतो, दुकानाचा जीएसटी क्रमांक नसतो आणि बहुतेक वेळा तारीखही अर्धीच असते. कंप्रेसर बिघडला की कंपनीचा माणूस पहिल्यांदा बिल मागतो. ग्राहक आयोगाकडे जायचे तर खरेदी झाली हेच सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते. सोन्याच्या बाबतीत नुकसान आणखी मोठे होते, कारण हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक, वजन, घडणावळ आणि त्या दिवसाचा दर हे सारे बिलावर नसेल तर दागिना मोडताना सराफ म्हणेल ती घट मान्य करावी लागते. बिल न देणाऱ्या दुकानदाराकडून मोठी खरेदी करूच नये, मग सवलत कितीही असो.

रोख देणे स्वतः चूक नाही, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे. दोन लाखांच्या आत, पक्क्या बिलावर रोख देऊन दुकानदाराकडून रास्त सवलत मागणे हा पूर्णपणे सरळ व्यवहार आहे. फक्त बिलावर ‘रोख मिळाले’ असे लिहून सही-शिक्का घ्यावा आणि बिलाऐवजी हातपावती असेल तर पाच हजारांवरील रकमेसाठी तिच्यावर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून सही त्यावरून घ्यावी. नोटा बँकेच्या काउंटरवरच मोजून घ्याव्यात. बनावट नोट बँकेत भरायला गेल्यास ती जप्त होते आणि तिचे पैसे मिळत नाहीत, म्हणून गाडी किंवा जनावर विकून मोठी रोख रक्कम घेणाऱ्याने शक्य तर ती देणाऱ्याला सोबत नेऊन थेट बँकेत मोजून भरावी.

यंत्रमाग किंवा चादरी-टॉवेलचा धंदा असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. सुटे भाग, सूत किंवा दुरुस्तीसाठी एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांपेक्षा अधिक रोख दिली तर तो खर्च आयकरात सर्वसाधारणपणे वजा मिळत नाही.

कार्डावर दोन टक्के जास्त मागितले तर मुकाट्याने देणे

डेबिट कार्डाने पैसे घेताना बँक दुकानदाराला जो आकार (शुल्क) लावते, तो ग्राहकाकडून वसूल करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. दुकानदाराला हा आकार किती पडतो, हेही पाहावे. रुपे डेबिट कार्ड आणि भीम यूपीआय यांवर तो १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. इतर डेबिट कार्डांवर, वार्षिक उलाढाल वीस लाखांपेक्षा जास्त असलेल्या दुकानाला, जास्तीत जास्त ०.९० टक्के आणि एका व्यवहाराला हजार रुपयांपर्यंतच आकार लागू शकतो. दीड लाखांच्या बिलावर दोन टक्के म्हणजे तीन हजार रुपये मागणारा दुकानदार स्वतःच्या खर्चाच्या किमान तिप्पट मागत असतो. क्रेडिट कार्डाचा आकार खरोखरच जास्त असतो, त्यामुळे सौदा करतानाच ‘क्रेडिट कार्डाने देणार आहे, हाच भाव राहील ना?’ असे विचारून घ्यावे.

क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरत राहणे

पूर्ण रक्कम ठरलेल्या तारखेला भरणाऱ्यासाठी क्रेडिट कार्ड हा उत्तम मार्ग आहे, कारण सुमारे दीड महिन्यापर्यंत बिनव्याजी मुदत मिळते आणि माल न मिळाल्यास बँकेकडे तक्रार करून व्यवहाराला हरकत घेता येते. परंतु पैसे हाती नसताना केलेली खरेदी वेगळ्या मार्गाला लागते. दीड लाखांचे बिल आहे, महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे आणि किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे ७,५०० रुपये आहे, असे धरू. महिन्याचे व्याज ५,२५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ९४५ रुपये. भरलेल्या साडेसात हजारांतून मूळ रकमेत जेमतेम १,३०५ रुपये कमी होतात. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

‘नो कॉस्ट ईएमआय’ घेण्यापूर्वी एकरकमी भाव विचारावा. व्याजाइतकी सूट आधी किमतीतून वळती केलेली असते, व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क बहुधा ग्राहकच भरतो. एकरकमी देणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला नाकारली जात असेल, तर तोच हप्त्यांचा खरा खर्च होय.

पैसे कापले, पण पावती निघाली नाही

अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा कार्ड स्वाइप करू नये. आधी मोबाइलवरचा संदेश आणि खात्यातली शिल्लक पाहावी, मग दुकानदाराला त्याच्या मशीनवर शेवटचा व्यवहार काढायला सांगावे. व्यवहार फसल्याची चिठ्ठी निघाली असेल तर ती मागून घ्यावी. तिच्यावर टर्मिनलचा क्रमांक, वेळ आणि बारा अंकी आरआरएन क्रमांक छापलेला असतो आणि बँक शोध घेते तो याच क्रमांकाने. हा कागद उष्णतेने छापला जात असल्यामुळे काही महिन्यांत अक्षरे उडून जातात, म्हणून त्याचा फोटो तिथल्या तिथे काढावा. दुकानाला पैसे मिळाल्याची खातरजमा झाली नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी बँकेने शंभर रुपये भरपाई द्यायची आहे. दुकानदाराला पैसे मिळाले असून तो नाकारत असेल तर प्रश्न निराळा. तेव्हा बँकेकडे लेखी तक्रार देऊन व्यवहाराला हरकत घ्यावी लागते.

माल परत केल्यावर परतावा ज्या कार्डाने पैसे दिले त्याच कार्डावर मागावा. कार्डाचे पैसे रोख परत घेतले तर हिशोब जुळत नाही, आणि खरेदी हप्त्यांवर असेल तर ईएमआय रद्द करण्याची विनंती बँकेला वेगळी द्यावी लागते, अन्यथा परत केलेल्या वस्तूचे हप्ते चालूच राहतात.

बँकेकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते. कार्डाचा गैरवापर होऊन पैसे गेले असतील तर मात्र तीस दिवसांची वाट पाहू नये; आधी बँकेच्या क्रमांकावर कार्ड बंद करवावे आणि लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा.