पक्ष ठरलेला आहे, उमेदवार तपासायचा आहे

मुंबईत पक्षनिष्ठा फक्त मतदानाच्या दिवशी जागी होत नाही. नाक्यावरची शाखा वर्षभर उघडी असते. केईएममध्ये खाट मिळत नसेल, शाळेचा प्रवेश अडला असेल, पाणी तुंबून घरात शिरलं असेल, तर आधी तिथलीच पोरं धावून येतात. म्हणूनच पक्षाने दिलेला उमेदवार बरा नाही हे पुरतं ठाऊक असलं तरी बोट सवयीच्या चिन्हावर जातं. ज्यांचा पक्ष ठरलेला आहे आणि तो सोडायचाही नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

त्यांनी करायचा बदल एकच, तो म्हणजे क्रमाचा. आधी माणूस स्वच्छ आहे का ते पाहायचं, पक्ष नंतर. प्रामाणिकपणाला दहापैकी सहा आणि पक्षाला दहापैकी नऊ असे गुण देऊन बेरीज करू नका. त्या बेरजेत पक्ष दरवेळी जिंकतो, कारण पक्षाचे गुण मनात आधीच पडलेले असतात. प्रामाणिकपणा ही चाळणी समजा. जो चाळणीतून खाली आला त्याचाच पक्ष विचारायचा.

मत कुठल्या सभागृहासाठी?

मुंबईत पालिकेचे २२७ प्रभाग आहेत, विधानसभेच्या ३६ जागा आहेत आणि लोकसभेच्या ६. तिन्हीकडे पक्षाचं वजन सारखं नसतं. आमदाराने किंवा खासदाराने पक्षादेश (व्हिप) मोडून मत दिलं तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीखाली, त्याचं पद जाऊ शकतं. त्यामुळे भला माणूस तुम्हाला न पटणाऱ्या पक्षातून निवडून गेला तर विश्वासदर्शक ठरावाला तो त्याच पक्षाच्या बाजूने उभा राहणार, हे गृहीत धरा. विधानसभा-लोकसभेला चाळणीतून आलेल्या उमेदवारांमध्ये पक्ष पाहून निवड करणं म्हणूनच रास्त आहे.

पालिकेची गोष्ट वेगळी. पक्षांतराचा कायदा नगरसेवकांनाही आहे (महाराष्ट्रात १९८६ पासून), पण गटार, सार्वजनिक शौचालय, मैदानाचं आरक्षण, पाण्याची वेळ, अनधिकृत बांधकामाची तक्रार ही रोजची कामं पक्षादेशावर चालत नाहीत. स्थायी समितीत कोट्यवधींची कंत्राटं मंजूर होतात, तिथे कोण प्रश्न विचारतो आणि कोण गप्प बसतो हे माणसावर ठरतं. प्रभागात तरी माणसाला झुकतं माप द्या.

शपथपत्र कसं वाचायचं

अर्ज भरताना प्रत्येक उमेदवार शपथपत्र देतो. लोकसभा-विधानसभेसाठी तो नमुना २६ असतो आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा 'नो युवर कॅन्डिडेट' अ‍ॅपवर मिळतो. पालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे ती शपथपत्रं त्याच्या संकेतस्थळावर शोधा. पहिल्या ठिकाणी सापडलं नाही म्हणून 'दिलंच नाही' असं समजू नका. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या फलकावरही प्रत लावलेली असते. सारख्या नावाचे दोन-तीन उमेदवार उभे करायची युक्ती जुनी आहे, म्हणून वडिलांचं नाव, वय आणि फोटो जुळवूनच पुढे जा.

प्रत्येक उमेदवाराला अर्धा-पाऊण तास द्या. यादीत पंधरा नावं असली तरी खरी लढत चार-पाच जणांत असते. तेवढ्यांचं वाचलं तरी पुरे. अखेरीस असलेला गोषवारा वाचून थांबू नका, मजकूर आतल्या रकान्यांत असतो.

गुन्ह्यांच्या रकान्यात आकडा पाहू नका, कलमं पाहा. लोक इथेच सर्वांत जास्त चुकतात. एकावर चौदा गुन्हे असतात आणि ते सगळे मोर्चे-आंदोलनांचे निघतात: भारतीय दंड संहितेचं १४३, १४७, १८८, ३४१ (बेकायदा जमाव, दंगा, आदेशभंग, अडवणूक) आणि सोबत मुंबईतल्या जवळपास प्रत्येक आंदोलनात लागणारं पोलीस कायद्याचं कलम ३७ व १३५, म्हणजे जमावबंदी मोडल्याचं. दुसऱ्यावर एकच गुन्हा असतो, पण तो ४२० किंवा ४०९ चा. पहिला रस्त्यावर उतरणारा कार्यकर्ता असू शकतो. दुसऱ्यावर फसवणुकीचा किंवा विश्वासाने सोपवलेल्या पैशांच्या अपहाराचा आरोप आहे. मत मागताना दोघंही 'राजकीय गुन्हे आहेत हो' असंच सांगतात.

थांबून पाहायची कलमं अशी: ३०२ आणि ३०७ (खून, खुनाचा प्रयत्न), ३५४ आणि ३७६ (विनयभंग, बलात्कार), ३८४ आणि ३८७ (खंडणी), ४०९, ४२०, आणि ४६७, ४६८, ४७१ (बनावट दस्तऐवज). १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे आकडे लागतात: खून १०३, खुनाचा प्रयत्न १०९, विनयभंग ७४, बलात्कार ६४, खंडणी ३०८, फसवणूक ३१८, विश्वासघात ३१६. जुने आकडे पाठ असलेला माणूस नवं शपथपत्र वाचताना हमखास फसतो. सरकारी कामात अडथळा आणल्याचं ३५३ (आता १३२) हे मधलं कलम. अधिकाऱ्याला मारहाण झाली की फक्त घेराव घातला, हे प्रकरणाचा तपशील पाहिल्याशिवाय कळत नाही.

मग टप्पा पाहा. नुसती तक्रार नोंदली आहे, की न्यायालयाने आरोप निश्चित केलेत? आरोप निश्चित झाले म्हणजे न्यायाधीशाला पुराव्यात प्रथमदर्शनी काहीतरी दिसलं आहे. शपथपत्रात गुन्हा क्रमांक, खटला क्रमांक आणि न्यायालयाचं नाव असतं. तो क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकला की तारखा दिसतात. आठ-दहा वर्षं फक्त तारखाच पडत असतील तर तेही टिपून ठेवा.

मालमत्तेत बेरीज नव्हे, भर पाहा. मुंबईत एकही वीट न वाढवता पाच वर्षांत घराची किंमत फुगते. समजा, मागच्या शपथपत्रात विक्रोळीचं घर ९० लाखांचं होतं आणि आता ते दीड कोटीचं दाखवलं आहे. त्यात काही वावगं नाही. पण त्याच घरासोबत आता पनवेलला दोन एकर, ठाण्यात एक गाळा आणि पत्नीच्या नावावर भागीदारी दिसत असेल, तर मागच्या पाच वर्षांच्या विवरणपत्रातलं उत्पन्न त्याशेजारी मांडा. नवरा, बायको आणि अवलंबितांचं पाच वर्षांचं उत्पन्न याच अर्जात लिहिलेलं असतं. वर्षाला सात लाख मिळवणाऱ्या कुटुंबाने पाच वर्षांत तीन कोटींची नवी खरेदी केली, तर पैसा कर्जातून, वारशातून की विक्रीतून आला हे दिसायलाच हवं. वारसा असेल तर तसा उल्लेख असतो, कर्ज असेल तर दायित्वाच्या रकान्यात सापडतं. कुठेच काही नसेल तर तो प्रश्न सभेत विचारायचा.

दायित्वं लोक बहुधा ओलांडून जातात, पण मुंबईत हाच रकाना सर्वांत बोलका असतो. कर्ज बँकेचं आहे की एखाद्या बिल्डर कंपनीचं, बिनव्याजी आहे का, हे वाचा. त्या कंपनीचं नाव महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर टाकलं की प्रकल्पाचे भागीदार, संचालक दिसतात. तुमच्याच चाळीच्या किंवा झोपडपट्टीच्या पुनर्विकासात ते नाव असेल, तर उद्या तक्रार घेऊन तुम्ही कुणाच्या दारात जाणार आहात याचा विचार आजच करा. सरकारी कंत्राटांची माहितीही वेगळ्या रकान्यात मागितलेली असते, ती सोडू नका.

रकाना कोरा ठेवायला परवानगी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहावंच लागतं. खोटी माहिती देणं किंवा दडवणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ अ खाली गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

पक्षाला स्वतःचं उत्तर द्यावं लागतं, ते वाचा

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार गुन्हे असलेल्या उमेदवाराने प्रचाराच्या काळात ते वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तीनदा जाहीर करायचे असतात. फेब्रुवारी २०२० च्या आदेशाने पक्षालाही बांधलं: असा उमेदवार का निवडला आणि स्वच्छ माणूस का नाही मिळाला, हे पक्षाने कारणांसह प्रसिद्ध करायचं. निवडून येण्याची क्षमता हे एकटं कारण चालणार नाही, असं न्यायालयाने तेव्हा बजावलं आहे. विधानसभा-लोकसभेला हा नमुना सी-७ पक्षाच्या संकेतस्थळावर असतो.

पक्षनिष्ठ मतदाराने हा कागद वाचायलाच हवा, कारण तुमचा पक्ष तुमच्याशी किती खरं बोलतो हे त्यात दिसतं. सात उमेदवारांसाठी सातही वेळा 'लोकप्रिय, तळागाळात काम, गुन्हे राजकीय सूडापोटी' अशी तीच वाक्यं चिकटवलेली असतील, तर पक्षाने तुम्हाला उत्तर द्यायची तसदीच घेतलेली नाही. कारण खरं असेल तर त्यात कामाची नावं, वर्षं, प्रकरणाचा तपशील येतो.

चिन्ह झाकून वाचणं

आपल्या पक्षाच्या माणसाचं ४२० आपल्याला 'सूड' वाटतं आणि समोरच्याचं 'चोरी'. यावर उपाय सोपा आहे. घरातल्या एकाने सर्व उमेदवारांचे गुन्हे, नवी मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि आधीचं काम नावाशिवाय, पक्षाशिवाय अ, ब, क, ड म्हणून एका कागदावर उतरवायचं. दुसऱ्यांनी वाचून कोण गळतो ते लिहायचं, आणि मगच नावं उघडायची. लिहिणाऱ्याने मतदान केंद्राच्या रांगेपर्यंत पक्षाचा सूर लावायचा नाही, एवढं पथ्य पाळा. 'वडील माजी आमदार' अशा ओळीने ओळख फुटते, ती गाळा. नावं उघडल्यावर ज्याला स्वतःचा निकाल फिरवावासा वाटेल त्याने कारण त्याच कागदावर लिहावं. लिहिता आलं नाही तर निकाल तसाच राहू द्यावा.

पदावर असलेल्याचं काम तपासायला प्रजा फाउंडेशनचे अहवाल उपयोगी आहेत. त्यात मुंबईच्या लोकप्रतिनिधींची हजेरी आणि त्यांनी विचारलेले प्रश्न असतात. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, म्हणून त्यांना या मापाने शून्य देऊ नका. नगरसेवकाच्या निधीसाठी विभाग कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात कामाचं नाव, ठिकाण, कंत्राटदार, रक्कम आणि कार्यादेशाची तारीख मागा. 'केलेल्या कामांची माहिती द्या' असं मोघम लिहिलं तर मोघमच उत्तर येतं. आचारसंहिता लागल्यावर अर्ज केला तर उत्तर निकालानंतर हाती पडेल, तेव्हा चार-पाच महिने आधी करा. एकाच गल्लीचे पेव्हर ब्लॉक पाच वर्षांत तीनदा निघाले आणि कंत्राटदार तोच, हे अशाच कागदात सापडतं.

सोसायटीला मिळणारी भेट

निवडणुकीच्या तोंडावर सोसायटीला पाण्याची टाकी, सीसीटीव्ही, जिन्याला रंग असं काही देऊ केलं जातं आणि त्या बदल्यात 'आपली सगळी मतं' मागितली जातात. मतासाठी वस्तू देणं ही लाच आहे आणि घेणाऱ्यालाही कायदा सोडत नाही. भेट स्वीकारण्याचा ठराव कमिटीने सर्वसाधारण सभेशिवाय करू नये, असं सेक्रेटरीला लेखी कळवा. विधानसभा-लोकसभेला निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर घटनास्थळावरून फोटो किंवा छोटा व्हिडिओ टाकता येतो. कारवाईसाठी १०० मिनिटांचं लक्ष्य ठरलेलं आहे. घरी जाऊन, दुसऱ्याने पाठवलेला फोटो टाकला तर उपयोग होत नाही.

शाखेने आजारपणात केलेल्या मदतीचं ऋण मनात ठेवावं, त्यांच्या रक्तदान शिबिराला जावं, गणपतीत राबावं. मत मात्र त्या हिशोबात धरू नये. रुग्णालयाची खाट हा तुमचा हक्कच होता.

आपला उमेदवार गळला तर

आधी दुसऱ्या पक्षांत आणि अपक्षांत चाळणीतून आलेला कोण ते पाहा. अपक्ष म्हणजे मत वाया, हे प्रभागात तरी खरं नाही. २००७ मध्ये जुहूच्या नागरिकांनी मिळून उभे केलेले अडॉल्फ डिसूझा पालिकेत निवडून आले होते. कुणीच उरला नाही तर नोटा आहे, पण विधानसभा-लोकसभेला नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी पुढच्या क्रमांकाचा उमेदवारच जिंकतो, हे माहीत असू द्या.

पक्षावर प्रेम असणाऱ्याने असं करणं म्हणजे गद्दारी, असं ऐकावं लागेल. मुंबईने याहून मोकळी निष्ठा पाहिली आहे. समाजवादी मृणाल गोरे आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर १९७२ मध्ये महागाईविरुद्ध लाटणं हातात घेऊन एकत्र उतरल्या, आणि दोघींपैकी कुणाचा पक्षावरचा विश्वास त्यामुळे कमी झाला नाही. जो मतदार काहीही झालं तरी मत देतोच, त्याच्यासाठी चांगला उमेदवार शोधायची पक्षाला गरज उरत नाही.

म्हणून मत दुसरीकडे द्यायचं ठरवलं तर पक्षाला कळवा, गुपचूप बसू नका. विभागप्रमुख किंवा जिल्हाध्यक्षांना एक पानी पत्र पुरे: आपण किती वर्षं या पक्षाचे मतदार आहोत, या उमेदवाराच्या शपथपत्रातली कोणती कलमं आणि कोणत्या रकान्यातली कोणती नोंद खटकली, आणि प्रभागातलं कोणतं नाव पक्षाने दिलं असतं तर मत दिलं असतं. त्यात शिवीगाळ किंवा धमकी नको. सोसायटीतल्या दहा-बारा घरांच्या सह्या असतील तर पत्र वर जातं. निकालाची वाट न पाहता अर्ज मागे घेण्याची मुदत संपताच ते द्या, पोच घ्या, आणि शपथपत्रांच्या पीडीएफ जपून ठेवा. पाच वर्षांनी मालमत्ता ताडून पाहायला त्याच लागतील.