फ्रॅक्चर मॉडेलिंगमध्ये पीएचडी करायचीय? आधी एक भेग स्वतः चालवून बघा

एमटेक संपत आलं की पोरं पन्नास प्रोफेसरांना एकच ईमेल पाठवतात आणि उत्तर येत नाही म्हणून खचतात. मी सांगते, त्याआधी महिनाभर काढा आणि फ्रॅक्चर मॉडेलिंगचा, म्हणजे वस्तू कशी तडकते ते कॉम्प्युटरवर काढण्याचा, एक छोटा प्रॉब्लेम लॅपटॉपवर सोडवा. १ मिमी बाय १ मिमीची चौकोनी प्लेट, डाव्या कडेपासून मध्यापर्यंत भेग, खालची कड पक्की आणि वरची हळूहळू ओढायची. यंग्स मॉड्युलस (मटेरियलचा ताठपणा) २१० गिगापास्कल, फ्रॅक्चर एनर्जी (भेग वाढवायला लागणारी ऊर्जा) २.७ न्यूटन प्रति मिमी. फेज-फील्डवाले, म्हणजे भेग धारदार रेषेऐवजी पसरट पट्टा म्हणून दाखवणारे, सगळे या प्लेटला ओळखतात, आणि असे प्रॉब्लेम सोडवणारं फेनिक्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पायथन येत असेल तर जमतं.

लेंग्थ स्केल (त्या पट्ट्याची रुंदी ठरवणारा आकडा) ०.०१५ मिमी घेतली तर भेग जिथून जाणार तिथे एलिमेंट (जाळीचा एक तुकडा) या स्केलच्या निम्म्याहून मोठं ठेवू नका, नाहीतर पीक लोड, म्हणजे प्लेट तुटण्याआधीचा सर्वांत जास्त भार, उगाच वर चढतो. माझा पहिला ग्राफ छान आला होता पण लोड काढल्यावर भेग आपोआप बुजायला लागली! भेग परत जुळू नये ही अट कोडमध्ये घालायचीच राहिली होती. ती चूक शोधताना जे शिकले ते लेक्चरमध्ये डोक्यात शिरलं नव्हतं.

सोबत थोडी थिअरी वाचा, ग्रिफिथचं १९२१चं एनर्जीचं म्हणणं (सुटणारी ऊर्जा नवा पृष्ठभाग तयार करायला पुरली की भेग वाढते), मग फ्रँकफोर्ट-मारिगो यांनी १९९८ला तेच मिनिमायझेशन म्हणून, म्हणजे एकूण ऊर्जा कमीत कमी करण्याचा प्रश्न म्हणून, कसं मांडलं ते. एक्सएफईएम, पेरिडायनॅमिक्स या भेगेच्या मॉडेलिंगच्या दुसऱ्या पद्धतीही तोंडओळखीपुरत्या. पण मेथडच्या प्रेमात पडू नका, मटेरियल निवडा: काँक्रीट, कंपोझिट, बॅटरीचं इलेक्ट्रोड, हाड, जे तुम्हाला खरंच छळतं ते.

आता जागा. आपल्याकडे आयआयएससी, आयआयटी मुंबई, मद्रास वगैरे, आणि फक्त मेकॅनिकल बघू नका, सिव्हिल आणि एरोस्पेसमध्येही हेच काम चालतं. गेट स्कोअर, मग टेस्ट किंवा इंटरव्ह्यू. जेआरएफ (संशोधनाची सरकारी फेलोशिप) जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, वर एचआरए (घरभाडं). पवईतच आयआयटीबी-मोनॅश अकॅडमी आहे, तिथे जॉइंट पीएचडी होते. जर्मनीत पीएचडी बहुतेकदा नोकरीच असते, पगार ई१३ या सरकारी स्केलवर, पण कॉन्ट्रॅक्ट शंभर टक्के (पूर्णवेळ) आहे की कमी ते आधी बघा. तिथल्या एर्लांगेनला तर २०१९ मध्ये फ्रॅक्चरवरच एक अख्खी ग्रॅज्युएट स्कूल सुरू झाली. मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या (युरोपियन युनियनच्या पैशावरच्या पीएचडी) जागा शोधत असाल तर जिथे जागा आहे त्या देशात रुजू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही, हा नियम बऱ्याच जणांना फॉर्म भरल्यावर कळतो.

ईमेल पाच-सहा ओळींचा पुरे. त्यांच्या एका पेपरमधली नेमकी शंका, तुमच्या प्लेटचा एक ग्राफ, कोडची लिंक. आणि हो म्हणण्याआधी त्या ग्रुपमधल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोला, गाईड किती दिवसांनी भेटतात आणि पाचव्या वर्षी पैसे कुठून येतात हे दोन प्रश्न नक्की विचारा.