पाहुण्यांना घर भाड्याने देताय? आधी रात्री मोजा

घर किंवा घरातली एखादी खोली पर्यटकांना दोन-चार दिवसांसाठी द्यायची असं डोक्यात आलं की लोक आधी गाद्या, पडदे, फोटो यांच्या मागे लागतात आणि पालिकेचा नियम वाचतात ते थेट नोटीस आल्यावर. तसं करू नका प्लीज, खर्च सगळा होऊन बसलेला असतो.

नियम हातात घेतला की पहिल्यांदा बघायचं की 'अल्पकालीन' म्हणजे नेमके किती दिवस. मग ते तुमचं राहतं घर असायलाच हवं का, पाहुणे असताना तुम्ही तिथे हजर पाहिजे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्षाला किती रात्री देता येतं. पूर्ण घर द्यायचं तर लंडनमध्ये वेगळी परवानगी न घेता वर्षाला 90 रात्री, जपानमध्ये 2018 मध्ये लागू झालेल्या कायद्याने 180. आणि हे आकडे खाली येतात हे लक्षात ठेवा, ॲमस्टरडॅमने 2019 मध्ये 60 च्या 30 केल्या, पॅरिसने 2025 पासून राहत्या घरासाठी 120 च्या 90 केल्या.

आता हिशोब. फक्त पाहुण्यांसाठी म्हणून घर घेतलं असेल तर हप्ता, मेंटेनन्स, वीज, विमा, टॅक्स असा वर्षाचा सगळा खर्च लिहा आणि त्याला 365 ने नाही, परवानगी असलेल्या रात्रींनी भागा, वर दर बुकिंगची साफसफाई आणि प्लॅटफॉर्मचं, म्हणजे एअरबीएनबीसारख्या बुकिंग साइटचं, कमिशन धरा. जो आकडा येईल तेवढं एका रात्रीचं भाडं मिळालं तर तुम्ही जेमतेम बरोबरीत. तेवढं कोणी देणार नसेल तर सरळ महिन्याच्या भाड्याने भाडेकरू ठेवा, मी तरी हेच सांगेन. राहत्या घरातली रिकामी खोली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हप्ता तसाही भरायचाच असतो, त्यामुळे फक्त वाढीव खर्च धरायचा.

बारीक अटी तर नक्की वाचा, खरा फटका तिथेच बसतो. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर 2023 पासून नियम कडक झाले, 30 दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर होस्टने म्हणजे घर देणाऱ्याने त्याच घरात राहायचं, पाहुणे जास्तीत जास्त 2, आणि आतल्या खोल्यांना कुलूप लावून घर वेगळं पाडायचं नाही. रजिस्ट्रेशन नसेल तर प्लॅटफॉर्मला त्या बुकिंगचे पैसेच घेता येत नाहीत. जपानमध्ये कायदा लागू व्हायच्या तोंडावर रजिस्ट्रेशन नंबर नसलेल्या हजारो लिस्टिंग, म्हणजे घरांच्या जाहिराती, एअरबीएनबीने काढल्या आणि आधी झालेली बुकिंगही रद्द झाली. म्हणून नंबर हातात येईपर्यंत पुढच्या सीझनची बुकिंग घेऊ नका, अर्ज केलाय म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं.

पालिकेने हो म्हटलं तरी सोसायटी, बँक आणि विमा कंपनी यांची परवानगी वेगळी, आणि तुम्ही स्वतः भाड्याने राहत असाल तर घरमालकाची लेखी घ्या, तोंडी चालत नाही. शेजाऱ्यांना आधीच सांगा, तुमचा फोन नंबर देऊन ठेवा, कारण बऱ्याचदा तपासणी सुरू होते ती आवाजाच्या नाहीतर कचऱ्याच्या तक्रारीवरून. कोणत्या रात्री कोण राहिलं याची स्वतःची वही ठेवा, एकाच घराची लिस्टिंग दोन-तीन ठिकाणी असेल तर रात्रींची बेरीज शेवटी तुम्हालाच दाखवावी लागते.

लायसन्स मिळालं म्हणजे कायमचं मिळालं असंही समजू नका, बार्सिलोनाने 10,101 पर्यटक फ्लॅटची लायसन्सं नोव्हेंबर 2028 नंतर चालू ठेवायची नाहीत असं जाहीर केलंय. घरं पर्यटकांकडे गेल्यामुळे शहरात राहणाऱ्यांना परवडणारी घरं मिळत नाहीत ही तक्रार मला खरीच वाटते. पण दहा फ्लॅट चालवणारा आणि एक खोली देऊन घरखर्च भागवणारी आजी या दोघांना एकच नियम लावला की फार वाईट वाटतं. त्यामुळे तुमच्याकडे नियमाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला झाला की मुदतीत लेखी द्या, तुम्ही त्याच घरात राहता, वर्षाला किती रात्री देता, त्या पैशातून काय भागतं, सगळं आकड्यांसकट, आणि पोचपावती घ्यायला विसरू नका.