इलेक्ट्रिक ट्रकची रेंज वाढवायचीय? मग आधी युनिट मोजा

लांब पल्ल्याचा विषय निघाला की सगळे म्हणतात बॅटरी मोठी पाहिजे. माझं म्हणणं, आधी आहे ती बॅटरी नेमकी कुठे खर्च होतेय ते बघा. किमीला किती युनिट (kWh) गेले ते डॅशबोर्डवर दिसतंच, प्रत्येक ट्रिपला ते लिहून ठेवा, सोबत माल किती होता, समोरून वारा होता का, थंडी होती का हेपण लिहा, नाहीतर दोन ट्रिपची तुलना करून काहीच कळणार नाही. 40 टन वजनाला सपाट हायवेवर किमीला साधारण 1 ते 1.4 युनिट लागतात, तुमचा आकडा सारखाच त्याच्या वर जात असेल तर कुठेतरी गळती आहे.

सगळ्यात मोठी गळती म्हणजे स्पीड. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 80 चे 90 केले की वेग वाढला 12 टक्के पण हवेचा विरोध वाढला जवळपास 27 टक्के. 400 किमीच्या रनमध्ये ढोबळ हिशोबाने 40-50 युनिट नुसते हवा ढकलण्यात जादा जातात आणि वाचतो अर्धा तास. आता तेवढं चार्जिंग फास्ट चार्जरवर दहा-पंधरा मिनिटात होतं हे खरंय, पण त्या 40-50 युनिटपायी एक जादाचा स्टॉप घ्यावा लागला, रांगेत थांबावं लागलं, तर तो अर्धा तास गेलाच ना. म्हणून मी आधी स्पीड बघायला सांगतो, याला एक पैसाही लागत नाही. त्यानंतर केबिन आणि ट्रेलरमधली गॅप आणि ट्रेलरच्या बाजूचे स्कर्ट (खालची मोकळी जागा झाकणारे पत्रे) बघा, आणि फडफडणारी ताडपत्री तर आधी ताणून बांधा.

दुसरं म्हणजे रिजन, म्हणजे वेग कमी करताना मोटरने वीज बनवून बॅटरीत परत टाकणं. ब्रेक दाबला की बॅटरी भरते म्हणून लोक बिनधास्त स्पीड घेतात आणि बिनधास्त ब्रेक मारतात, हे चुकीचं आहे. बॅटरीतून चाकाकडे जाताना थोडी ऊर्जा जाते, चाकाकडून परत येताना अजून थोडी जाते, गेलेली सगळी कधीच परत मिळत नाही. त्यापेक्षा पुढचा सिग्नल, पुढची गर्दी लांबूनच बघा आणि पाय आधीच उचला, गाडी स्वतःच्या वजनावर पळू द्या. रिजनची खरी कमाई आहे ती घाटात. 40 टनाची गाडी 100 मीटर उंच चढवायला जवळपास 11 युनिट नुसते उंचीलाच लागतात, उतरताना त्यातले बरेचसे परत घेता येतात, पण बॅटरीत जागा असेल तरच! घाटमाथ्यावर 100 टक्के चार्ज करून उतरायला लागलात तर रिजन जवळपास बंद, सगळा भार साध्या ब्रेकवर किंवा रिटार्डरवर (उतारावर गाडी धरून ठेवणारी जादाची ब्रेक यंत्रणा) आणि ऊर्जा उष्णता होऊन हवेत. उतार पुढे आहे हे माहीत असेल तर चार्जिंग थोडं कमीच ठेवा.

टायरकडे लोक पंक्चर झाल्यावरच बघतात. एवढ्या वजनाला रस्त्याचा विरोध हवेच्या विरोधाइतकाच, कधीकधी जास्तही असतो, त्यामुळे हवा टायर थंड असतानाच चेक करा, ट्रेलरच्या टायरचीसुद्धा. नवीन टायर घेताना लो रोलिंग रेझिस्टन्सचे, म्हणजे रस्त्याचा विरोध कमी होणारे घ्या, अलाइनमेंट करताना ट्रेलरचे अ‍ॅक्सल विसरू नका, गाडी रिकामी असेल आणि चाकांसकट वर उचलता येणारा म्हणजे लिफ्ट अ‍ॅक्सल असेल तर तो उचला.

थंडीत केबिन आणि बॅटरी दोन्ही प्लग लावलेला असतानाच गरम करून घ्या. 3 किलोवॅटचा हीटर 8 तास चालला तर 24 युनिट गेले, म्हणजे साधारण 20 किमीची रेंज. सीट हीटर असेल तर तो लावून केबिनचं तापमान दोन डिग्री खाली ठेवलं तरी चालतं.

आणि फास्ट चार्जरवर जायच्या आधी बॅटरी योग्य तापमानाला आणा, बऱ्याच ट्रकमध्ये नेव्हिगेशनला चार्जर टाकला की ते आपोआप होतं. 80 टक्क्यांनंतर चार्जिंग बरंच हळू होतं, तिथे गाडी अडकवून ठेवण्यापेक्षा पुढच्या स्टॉपपुरतं घ्या, थोडं राखीव ठेवा आणि निघा.