बाईकचं स्प्रॉकेट बदलायचंय? आधी दात मोजा

पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे इंजिनाकडचं चेन फिरवणारं दातेरी चक्र, एक दात मोठं टाकलं की गाडी पळते, असं कोणीतरी सांगतं आणि आपण गाडी घेऊन गॅरेज गाठतो. पण स्प्रॉकेटने इंजिनाची ताकद एका पैशाने वाढत नाही, ती ताकद कुठे वापरायची एवढंच बदलतं.

आधी इंजिनाकडच्या आणि मागच्या चाकावरच्या, दोन्ही स्प्रॉकेटचे दात मोजा. बहुतेक वेळा आकडा स्प्रॉकेटवरच कोरलेला असतो, चिखल पुसला की दिसतो. मागचे दात भागिले पुढचे दात हा तुमचा रेशो. समजा पुढे 14, मागे 42, म्हणजे 3. पुढे 15 टाकलं तर 2.8, 13 टाकलं तर 3.23. आता 14 वर जी गाडी ताशी 60 ला 5000 आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चालते ती 15 वर साधारण 4670 वर चालेल आणि 13 वर 5385 वर. पुढचा एक दात हा मागच्या तीन दातांएवढा असतो, म्हणून पुढे एकाच दाताने सुरुवात करा, पुढचं स्प्रॉकेट स्वस्तही पडतं.

मग ठरवा की गाडी जास्त कुठे चालते. हायवेवर एकटे जात असाल तर पुढे एक दात मोठा चांगला, इंजिन निवांत चालतं, व्हायब्रेशन कमी होतं, पण पिकअप जातो. मी 15 टाकून पोलादपूरवरून आंबेनळी घाट डबलसीट चढलो, आधी जिथे गाडी तिसऱ्यावर आरामात जायची तिथे दुसरा टाकावा लागला, वळणावर हाफ क्लच, आणि क्लचचा वास यायला लागला तेव्हा गाडी बाजूला घेतली. परत आल्यावर 14 बसवलं. आणि टॉप स्पीड वाढेलच असंही नाही, इंजिनाला तो गियर ओढता आला नाही तर उलट कमी होतो. घाट, ओझं, खराब रस्ता असेल तर पुढे एक दात लहान किंवा मागे दोन-तीन मोठे, उतारावर इंजिन ब्रेकिंगही जास्त मिळतं, पण हायवेवर इंजिन ओरडत राहतं. फार लहान पुढचं घेऊ नका, चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते.

विकत घेताना चेनची साइज बघा, 428 च्या चेनला 520 चं स्प्रॉकेट चालत नाही. चेन जुनी असेल तर पूर्ण सेटच बदला, जुनी ताणलेली चेन नवीन दात खाऊन टाकते.

बसवताना पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट चेन ताणलेली असतानाच सैल करा, कोणालातरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा, नाहीतर स्प्रॉकेट गरगर फिरतं आणि पाना लागत नाही. इथेच बरेच जण अडकतात. मग ॲक्सलचा नट सैल करून चाक पुढे ढकला, चेन ढिली झाली की स्प्रॉकेट काढा, आतली ग्रीस आणि माती रॉकेलने साफ करा. 428 च्या चेनमध्ये पुढे एक दात वाढवला तर चाक साधारण 3 मिलिमीटर पुढे येतं, मागे तीन दात वाढवले तर जवळपास 1 सेंटीमीटर, तेवढी जागा ॲडजस्टरमध्ये, म्हणजे चाक मागेपुढे सरकवायच्या स्क्रूमध्ये, आहे का आधीच बघा, आणि पूर्ण चेनकव्हर असेल तर मागचं मोठं स्प्रॉकेट त्याला घासत नाही ना तेही. चेनलॉकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप असेल तर तिची बंद बाजू चेन ज्या दिशेला धावते तिकडे हवी.

चेनचा ढिलेपणा मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच ठेवा, चाक हळूहळू फिरवून जिथे चेन सगळ्यात टाइट होते तिथे मोजा, आणि दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या करा. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक सरकल्यामुळे पेडलचा प्लेही (ब्रेक लागायच्या आधीची मोकळी हालचाल) बदलतो, रॉडचा नट फिरवून तो जमवा आणि ब्रेक लाइट लागते का बघा. ज्या गाड्यांचा स्पीडोमीटर गियरबॉक्सवरून चालतो त्यांचं रीडिंगही चुकतं, 15 टाकल्यावर काटा 60 दाखवेल तेव्हा गाडी 64 ला असते. शंभरेक किलोमीटर झाले की चेन आणि ॲक्सलचा नट पुन्हा एकदा तपासा.