वऱ्हाडातली शकुंतला नऊ मिलिमीटर रुळांवर: नॅरोगेज फाट्याचा लेआउट बांधताना

मूर्तिजापूरहून दक्षिणेला कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळ ११३ किलोमीटर आणि उत्तरेला दर्यापूर-अंजनगावावरून अचलपूर ७६ किलोमीटर. कापूस वाहण्यासाठी घातलेली ही अडीच फुटी लाइन लोकांनी शकुंतला म्हणूनच ओळखली. एप्रिल १९९४ पर्यंत तिच्यावर वाफेचं इंजिन होतं, पुढे डिझेल आलं. पहिल्यांदा मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे पाटीवर मांडलेली छोटी रेल्वे, बांधणाऱ्यासाठी हा फाटा फार सोयीचा आहे, आणि त्याचं कारण साध्या भागाकारात आहे.

अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापाच्या १:८७ प्रमाणात ते ८.७६ मिमी होतात आणि बाजारात एन गेजचा, म्हणजे त्याहून लहान मॉडेलांचा, रूळ मिळतो ९ मिमीचा. पाव मिलिमीटरचा हा फरक डोळ्याला कळत नाही. आपली ब्रॉडगेज याच प्रमाणात १९.३ मिमी व्हायला हवी, पण एचओचा रूळ १६.५ मिमीचा असल्यामुळे गाडी रुळांवर रुंद, ओघळल्यासारखी दिसते. माथेरानची दोन फुटी लाइन १:८७ मध्ये ७ मिमीवर येते. शकुंतलेला मात्र ९ मिमीचा तयार रूळ, एन गेजची चाकं आणि एचओच्या मापाची माणसं व झाडं, सगळं चपखल बसतं. रूळ घेताना साधा एन गेजचा घेऊ नका, त्याचे स्लीपर फार जवळजवळ आणि बारीक असतात. नॅरोगेजसाठी वेगळा मिळणारा, विरळ आणि जरा वाकड्यातिकड्या स्लीपरांचा ९ मिमी रूळ घ्या.

आराखडा: अर्धी जागा मोकळी सोडा

नवख्याची पहिली चूक ठरलेली असते, मिळेल त्या जागेत रूळ कोंबायचे. वऱ्हाडातल्या स्टेशनात एक लूप (मुख्य रुळाला समांतर, दोन्ही टोकांना जोडलेला रूळ), कापसाच्या जिनिंगकडे जाणारी एक सायडिंग आणि चहूकडे शेत. तेच ठेवा. १२०० × ४०० मिमीच्या दोन पाट्या (लेआउटचे लाकडी तळ) आणि मागच्या पडद्याआड गाड्या उभ्या करायला ७०० मिमीचं यार्ड, एवढ्यात शेवटचं स्टेशन छान बसतं.

लूपची लांबी अंदाजाने ठरवू नका. आधी गाडी ठरवा. इंजिन सुमारे १२० मिमी, तीन डबे प्रत्येकी १२५, अधली-मधली जोडणी धरून गाडी ५१० मिमी होते. दोन्ही सांध्यांच्या (गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या भागांच्या) आत ५५० मिमी लांबी मोकळी हवी, म्हणजे डबा आत उभा असताना शेजारच्या रुळावरून इंजिन त्याला न घासता निघतं. टोकाच्या सांध्यापलीकडे इंजिन मावेल इतका, १५० मिमीचा तुकडा ठेवा. तो १०० मिमीचा केला तर इंजिन सांध्यावरच उभं राहतं, सांधा बदलता येत नाही आणि गाडी कायमची अडकते. सायडिंग धरून एकूण तीन सांधे पुरतात. हे सगळं साधारण सव्वा मीटरात संपतं. उरलेल्या जागेत पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, शेत, एक नाला आणि त्यावरची मोरी.

दिसणाऱ्या भागात वळण ३०० मिमी त्रिज्येखाली नेऊ नका. पडद्याआड २३० चालतं, पण बोगीचे (खाली वळणाऱ्या चाकगाड्या असलेले) डबे तिथे खूप बाहेर झुकतात. कडेची जागा डबा प्रत्यक्ष फिरवून तपासा.

पाटी

वरचा तक्ता ९ मिमी प्लायचा, खालची चौकट १२ मिमी प्लायच्या ७५ मिमी उंच पट्ट्यांची, आडव्या पट्ट्या दर ३०० मिमीवर. प्लाय आयएस ७१० छापाचा, म्हणजे मरीन, घ्या. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना तर पर्यायच नाही. वरून रंग आणि खालून कोरं लाकूड असं कधीही ठेवू नका. कोरी बाजू पावसाळ्यात ओल पिते, फुगते आणि पाटी पन्हाळीसारखी वाकते. दोन्ही बाजूंना, कडांनासुद्धा, वॉर्निशचे दोन हात द्या.

दोन पाट्या जोडायला नुसते एम-८ बोल्ट पुरत नाहीत, कारण भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं असतंच आणि रूळ तेवढा सरकतो. पिन काढता येणाऱ्या दोन बिजागऱ्या जोडावर बसवा. पिन नेमकेपणा देते, बोल्ट पकड देतो. जोडापाशी प्रत्येक रुळाखाली पितळी स्क्रू ठोका, त्याचं डोकं रुळाच्या तळाला टेकेल इतकं वर ठेवा आणि रूळ त्यावर झाळा (सोल्डर करा). रूळ जोडावरून सलग टाकायचा आणि मग बारीक करवतीने कापायचा. आधी कापून मग जुळवायला गेलात तर तो कधीच जुळत नाही.

रूळ

खाली फक्त २ मिमी कॉर्क. शकुंतलेचा भराव काही मुख्य लाइनसारखा उंच नाही, ती शेताच्या पातळीतूनच चालायची. रूळ साध्या फेविकॉलने चिकटवा. पुढे चूक दुरुस्त करायची झाली तर पाणी सोडून तासाभरात उचलता येतो. वॉटरप्रूफ गोंद लावलात तर प्लायसकट उचकटावा लागेल.

रुळांच्या जोडांमध्ये फटी हव्यात, आणि त्या किती हे ऋतूवर अवलंबून आहे. निकेल सिल्व्हरचा ९१४ मिमी लांबीचा रूळ ३५ अंश तापमानफरकाला जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतो. अमरावती-अकोल्याकडे डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत एवढा फरक पडतो. म्हणून थंडीत रूळ टाकत असाल तर प्रत्येक जोडाला अर्धा मिलिमीटर फट ठेवा. पोस्टकार्डाचे दोन तुकडे मध्ये धरले की काम होतं. मे महिन्यात टाकत असाल तर रूळ टेकवून बसवले तरी चालतं. फट न ठेवलेला रूळ उन्हाळ्यात कडेला सापासारखा वाकतो आणि तोही नेमका वळणावर.

वीज

डीसी १२ व्होल्ट पुरे आहे. मुख्य तार १ चौरस मिमी, तिच्यातून प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतंत्र बारीक तार. फिशप्लेटवर, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीवर, वीज सोडू नका. पहिलं वर्ष ती नीट वाहते, मग ओलीने काळी पडते आणि गाडी अर्ध्यात थांबायला लागते.

झाळताना रुळाची बाहेरची बाजू कानशीने दोनदा घासून चकचकीत करा, तिथे आणि तारेच्या टोकाला आधी थोडं कथील चढवून ठेवा. दोन्ही बाजूंच्या स्लीपरांवर ओल्या टिश्यूच्या घड्या ठेवा. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न दोन सेकंद टेकवा, कथील पाण्यासारखं पसरलं की काढा. पाच सेकंद धरलीत तर स्लीपर वितळून रुळांमधलं अंतर बदलतं, आणि दोन महिन्यांनी डबा तिथेच का उतरतो याचं कोडं पडतं. ॲसिडवाली पेस्ट वापरू नका, रूळ हिरवा पडतो.

सांधे धातूच्या फ्रॉगचेच घ्या (फ्रॉग म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा). छोट्या इंजिनाची चाकं जवळजवळ असतात, प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर ती सगळी एकदम मुकी होतात आणि इंजिन थबकतं. धातूच्या फ्रॉगसाठी दोन गोष्टी पाळा. फ्रॉगमधून पुढे जाणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकच्या जोडण्या लावा, नाहीतर लूपमध्ये पलीकडून येणारी वीज शॉर्ट करेल. आणि फ्रॉगची वीज सांध्याबरोबर बदलायला हवी. याला स्वस्त उपाय म्हणजे पाटीच्या कडेला एक डीपीडीटी, म्हणजे दोन जोडण्या एकदम बदलणारा, स्लाइड स्विच. त्याच्या बटणाला भोक पाडून सायकलचा २ मिमी स्पोक बांधायचा आणि स्पोकच्या टोकाला गिटारची पोलादी तार जोडून ती सांध्याच्या आडव्या पट्टीत अडकवायची. स्विच सांध्यापेक्षा जास्त सरकतो, तो जादा भाग तार वाकून पचवते. तारेऐवजी स्पोकच थेट जोडलात तर सांध्याची जीभ आठवडाभरात तुटेल.

हे झालं की सजावटीला हात लावण्याआधी निदान दोन आठवडे गाडी चालवा. एकटा डबा बोटाने ढकलत प्रत्येक सांध्यावरून उलट-सुलट न्या. माती टाकल्यावर सापडलेली चूक दहापट महाग पडते.

इंजिन आणि डबे

सुरुवात डिझेलने करा. चार ॲक्सलची एन गेज चॅसी घेऊन तिच्यावर थ्रीडी प्रिंटची किंवा १ मिमी स्टायरीनची (प्लॅस्टिकच्या पत्र्याची) १:८७ बॉडी बसते. वाफेच्या इंजिनाचे बाहेरचे दांडे या मापात जुळवणं वेगळं आणि चिकाटीचं काम आहे, ते दुसऱ्या वर्षी. डब्यांना एन गेजच्या बोग्या चालतात, पण बॉडी रुंद आणि खालचा रूळ अरुंद, त्यामुळे डबा डोलतो. प्रत्येक डब्याचं वजन ३५ ते ४० ग्रॅमपर्यंत आणा आणि ते सगळं जमिनीलगत ठेवा. वॉशर छताला चिकटवले तर डोलणं उलट वाढतं. एका बोगीचा स्क्रू थोडा सैल ठेवा म्हणजे ती डावी-उजवीकडे कलेल, दुसरी फक्त वळेल इतकीच घट्ट. दोन्ही सैल ठेवल्या तर डबा झोकांड्या देतो, दोन्ही घट्ट केल्या तर उंचसखल रुळावर उतरतो.

काळी माती

इथे लेआउट खरा वऱ्हाडचा होतो, आणि सर्वांत मोठी फसगतही इथेच. खरी कपाशीची माती आणून फेविकॉलच्या पाण्यात कालवून थर दिला की दोन दिवसांत तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात शेताला पडतात तशाच, पण माती मॉडेलच्या मापाची नसते. २ मिमीची भेग १:८७ मध्ये पाऊण वीत रुंद होते, १९ मिमीचा माणूस तिच्यात पाय घालून पडेल. काळी माती ओलीने फुगते आणि वाळताना आकसते, तो तिचा स्वभाव गोंदाने जात नाही. म्हणून आधी जमिनीला तपकिरी-काळा ॲक्रिलिक रंग द्या, तो ओला असतानाच चहाच्या बारीक गाळणीतून माती नुसती भुरभुरवा आणि उरलेली दुसऱ्या दिवशी झटकून टाका. गोंदाने माती दोन छटा गडद होते, तेव्हा आधी पुठ्ठ्यावर वाळवून रंग बघा.

त्याआधी एक काम चुकवू नका. माती कागदावर पसरा, चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि मातीवरून फिरवा. पिशवीला काळी बारीक मिशी चिकटेल. दख्खनच्या काळ्या दगडात लोहखनिजाचे कण असतात आणि तेच मातीत उतरतात. मोटरचं चुंबक ते रुळावरून ओढून घेतं आणि गिअर खाऊन टाकतं. चुंबकाला काही लागेनासं होईपर्यंत, चार-पाच वेळा, फिरवा. मग माती तव्यावर चांगली गरम करा, म्हणजे किडे आणि बिया मरतील.

रुळांमधली गिट्टी थोडीच ठेवा. फाट्यावर गिट्टी मातीत बुडालेली असते, स्लीपरांची डोकी वर दिसतात आणि मधून गवत. बारीक चाळलेला मुरूम कोरड्या ब्रशने स्लीपरांच्या पातळीखाली बसवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब टाकून भिजवा, मग एक भाग फेविकॉल आणि दोन भाग पाणी ड्रॉपरने सोडा. भिजवल्याशिवाय गोंद सोडलात तर तो मोत्यासारखा गोळा होतो आणि मुरमात खड्डे पाडतो. सांध्यांच्या जिभांपाशी आधी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका, तिथे गोंद धरणार नाही.

पऱ्हाटी, गवत, स्टेशन

एकच महिना ठरवा आणि सगळं त्या महिन्याचं करा. कापूस वेचणीचा नोव्हेंबर-डिसेंबर सर्वांत बोलका: गवत पिवळं, कडुनिंब हिरवा, पऱ्हाटी पांढरी, मध्ये तुरीच्या उंच ओळी. ओळी ९० सेंटीमीटरच्या धरल्या तर मॉडेलवर १० मिमी, झाड मीटरभराचं म्हणजे १२ मिमी. बारीक काथ्याचे तुकडे तपकिरी-हिरव्या फोमच्या भुग्यात बुडवा आणि सुईने भोकं पाडून ओळीत रोवा. बोंडांसाठी रवा मापाने अगदी बरोबर दिसतो, पण पहिल्याच पावसाळ्यात त्यात सोंडे होतात. त्याऐवजी टूथपिकने जाड पांढऱ्या ॲक्रिलिकचे ठिपके द्या, झाडाला पाच-सहा, तेही वरच्या अर्ध्यात. सगळी झाडं सारखी पांढरी करू नका. वेचून झालेल्या चार ओळी कोऱ्या ठेवा आणि धुऱ्याला (बांधाला) बैलबंडी उभी करा, लगेच कळतं की इथे कोणी काम करतंय.

उभं गवत डास मारायच्या रॅकेटने रोवता येतं. जाळी काढून एक तार धातूच्या गाळणीला, दुसरी ओल्या गोंदात रोवलेल्या खिळ्याला. गाळणीत २ आणि ४ मिमी तंतू मिसळून भरा, बटण दाबून हलवा, तंतू उभे राहतात. बटण सोडल्यावरही आत हजारभर व्होल्ट साठलेले असतात, म्हणून तारांना हात लावण्यापूर्वी दोन्ही टोकं स्क्रू-ड्रायव्हरने एकमेकांना टेकवून रिकामी करा. मुलांच्या हाती हे देऊ नका.

स्टेशन लहान ठेवा. सहा मीटरची इमारत ७० मिमी होते, तेवढी पुरे. फलाट उंच करू नका, रुळाच्या पातळीला मुरमाचा पट्टा चालतो. स्टेशनच्या नावाची पाटी पिवळी, अक्षरं काळी, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्हींत, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. प्रिंट मॅट कागदावर काढा आणि कडा पेन्सिलीने काळ्या करा, कागदाची पांढरी कड लांबून ओरडते. पत्र्याच्या छताला गंज देताना खिळ्यांच्या ओळींपासून खाली ओघळ ओढा, कारण पाणी तिथूनच झिरपतं.

रूळ साफ करायला पॉलिश पेपर वापरू नका. त्याच्या ओरखड्यांत धूळ बसते आणि पुढच्या वेळी दुप्पट वेगाने काळं होतं. मलमलीच्या तुकड्यावर आयसोप्रोपिल घ्या, रुळाच्या वरच्या बाजूवरून एकदा पुसा, आणि पावसाळाभर लेआउटवर जुनी सुती चादर टाकून ठेवा. प्लॅस्टिक नको, आत ओल कोंडते.